विहिरीवर चिकटवलेला कागद

जव्हार संस्थानाच्या मराठी शाळेत मास्तर होतो तेव्हा मला दोन कामं होती. एक पगाराचं. दुसरं फुकटचं, आणि म्हणूनच जास्त मिरवण्याचं. ठाण्याला एक साप्ताहिक निघायचं. त्यात महिन्यातून एखाद-दोनदा 'आमचे जव्हारचे बातमीदार कळवितात की' अशी सुरुवात असलेला मजकूर यायचा. तो बातमीदार मी. नाव छापत नसत, पण गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

घाटात वाघ दिसला, अमुक ओढ्यावरचा साकव वाहून गेला, दसऱ्याची स्वारी थाटात निघाली, असल्या बातम्या मी पाठवायचो. भाषा भारदस्त. वाक्यं इतकी लांब की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी. माझे वडील मोखाड्याकडचे शेतकरी, आयुष्यभर नागली आणि भात याखेरीज त्यांनी काही पाहिलं नाही. त्यांच्या मुलाचं लिहिणं ठाण्यात छापून येतं, या गोष्टीची मला फार घमेंड होती. आज ती घमेंड आठवली की हसू येतं. त्या वर्षीचा उन्हाळा आठवला की येत नाही.

त्या वर्षी साप्ताहिकात नारूवरून वाद पेटला होता. नारू हा आमच्याकडचा नेहमीचा रोग. पायावर फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर लांब किडा हळूहळू बाहेर यायचा. तो कुठून येतो यावर भांडण होतं. मुंबईचे डॉक्टर म्हणत, पिण्याच्या पाण्यातून. एका वैद्यबुवांनी लिहिलं की हे खूळ परक्यांचं आहे. नारू उष्णतेने आणि वाताने होतो, आणि पाण्याला दोष देणाऱ्यांना आपल्या वाडवडिलांच्या विहिरी बुजवायच्या आहेत. संपादकांनी मला पत्र धाडलं, 'आपल्या भागात नारू पुष्कळ. काहीतरी झणझणीत पाठवा.'

मी ते पत्र घेऊन दवाखान्यात गेलो. तिथे नवे डॉक्टर येऊन वर्ष होत आलं होतं. किडकिडीत अंगाचे, कोकणपट्टीतले, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढलेले. येताना कपड्यांची एक पेटी आणि पितळेचं एक सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन आले होते, आणि दोहोंपैकी यंत्राची बडदास्त जास्त ठेवायचे. माणूस शब्दाला महाग. काही विचारलं की आधी आपल्याला काय ठाऊक नाही ते सांगायचा, मग ठाऊक असेल ते. बातमीदाराला असला माणूस म्हणजे शिक्षाच.

पत्र वाचून ते म्हणाले, "झणझणीत माझ्याकडे काही नाही, मास्तर. पाणी आहे. येता का बघायला?"

चैत्र महिना होता. जामसरच्या वाटेवर एक गाव होतं, दोन पाड्यांचं. खालच्या पाड्यात पाटलाचं घर, वरचा पाडा टेकाडावर. दोन्हीकडची माणसं एकाच नात्यागोत्यातली, भात आणि नागली पिकवणारी, पण वरच्यांची जमीन खडकाळ आणि मान त्याच मापाने कमी. उन्हाळ्यात पाणी राहायचं ते एकाच विहिरीत. पायऱ्या असलेली जुनी विहीर. हंडा घेऊन थेट पाण्यात उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून भरायचा. विहीर मला नवी नव्हती. आदल्या उन्हाळ्यात शाळेसाठी मुलं मोजायला मी त्या पाड्यांवर फिरलो होतो, आणि त्या विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायलो होतो. ते किती गोड होतं हे मी वाटेत डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

वरच्या पाड्यातली एक बाई आमच्यासाठी थांबली होती. तिशीची असेल. तिच्या घोट्याशी नारू होता. बाहेर आलेलं टोक एका बारीक काडीला गुंडाळून वर चिंधी बांधलेली. पाड्यातला एक म्हातारा रोज सकाळी ती काडी एक वळसा फिरवायचा. जास्त ओढलं आणि किडा आत तुटला तर पाय सडायचा, हे त्याला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांनी ती गुंडाळी निरखून पाहिली आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, मला याहून चांगलं जमलं नसतं." म्हातारा गालात हसला.

मग विहिरीपासून लांब, करंजाखाली बाईला बसवून डॉक्टरांनी तिच्या घोट्यावर तांब्याने थंड पाणी ओतलं. थोड्या वेळात किड्याच्या टोकाशी दुधासारखा थेंब आला. तो त्यांनी काचेवर घेतला आणि सोबत आणलेल्या यंत्राखाली ठेवला. मी पुढे सरसावलो, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"आधी तिला बघू द्या. तिचं आहे."

बाईने एक डोळा मिटून दुसरा लावला. मग म्हणाली, "वळवळतान. लय हायेत." आणि पुढे, "हे माझ्यातून पान्यात पडतान?"

"हो. आणि तुझ्यात आले तेही पाण्यातूनच," डॉक्टर म्हणाले. पाय थंड पाण्यात गेला की किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यात राईहून बारीक पांढरे जीव असतात, ती पिल्लं त्या जीवांच्या पोटात जातात. आपण पाण्याबरोबर ते जीव पितो. मग साधारण वर्षभराने नारू बाहेर येतो. म्हणजे आज जो दिसतोय, तो गेल्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा. दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं तर तो जीव फडक्यातच अडकतो, एवढा सोपा उपाय. हे सगळं त्यांनी तिला सांगितलं, मला नव्हे. मी बाजूला उभा राहून टिपून घेत होतो.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मास्तर, पाठवण्याआधी मला एकदा ऐकवा."

"वाचायला देईन की."

"वाचायला नको. ऐकवा. तुमचा पेपर वाचणारे किती आणि दुसऱ्याकडून ऐकणारे किती?"

माझा पारा चढला. मी म्हणालो, पट्टी कशी बांधावी हे मी तुम्हाला शिकवायला येतो का? मी तो मजकूर त्यांना दाखवला नाही की ऐकवला नाही. दोन दिवस खपून लिहिला आणि टपालात टाकला. वैद्यबुवांचं तोंड कसं बंद होतं ते बघू, एवढाच माझा विचार.

पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'नारू झालेल्या मनुष्याचा पाय विहिरीस लागताच ते जल विषवत् होते, हे शास्त्राने निःसंशय सिद्ध केले आहे.' त्याच्यापाठोपाठ जामसरच्या वाटेवरचं गाव, वरचा पाडा आणि तिथली घोट्याला काडी बांधलेली बाई. फडक्याचा उपाय होता, पण तो तिसऱ्या परिच्छेदाच्या शेपटाला. संपादकांनी त्यावर मथळा चढवला, 'विहीर नासविणारे पाय!' अंक हातात पडला तेव्हा मी तो मथळा चारदा वाचला आणि मला तो फार आवडला.

पंधरवडाभराने नारू काढणारा तो म्हातारा शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. शाळा सुटेपर्यंत उठला नाही. तिकडच्या बोलीत 'तुम्ही' फारसं नव्हतंच; ती माणसं देवालाही 'तू' म्हणायची, मलाही.

"मास्तर, तुजा कागद आमाला पानी पिऊ देत नाय," तो म्हणाला.

मला काहीच उमगलं नाही. मग त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते असं. खालच्या पाड्यातला कोणी खोडाळ्याच्या बाजाराला गेला होता. तिथे एक वाणी दुकानावर पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याने मथळा वाचला, पहिली दोन वाक्यं वाचली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पेपर खाली ठेवला. आपल्या गावाची खूण छापून आलेली ऐकून या माणसाने तो अंक मागून घेतला आणि पाटलाला आणून दिला.

पाटलाला अक्षरओळख नव्हती. पण छापील कागद त्याने पाहिलेले होते, आणि ते सगळे जाहीरनामे होते. लाकूडतोडीला मनाई, जनावरं बांधून ठेवा, माणसं मोजायला येतील तेव्हा घरी राहा. छापून येतं ते फर्मान, एवढंच त्याला माहीत. आमच्या साप्ताहिकाच्या माथ्यावर सिंहाचा एक ठसा होता. तो पाटलाला दरबारचा शिक्का वाटला. त्याने नागलीच्या पिठाची खळ करून तो कागद विहिरीजवळच्या खांबावर चिकटवला आणि दवंडी पिटली, वरच्या पाड्याने विहिरीत उतरायचं नाही, हुकूम आला आहे.

"मग पाणी?" मी विचारलं.

"खाली नदीच्या वाळूत डवरा खनलाय. अर्दा कोस. उतरून, चडून."

"ती बाई तरी घरी असेल ना?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न गिळावा. "तिच्या वाटचं कोन आनील?" तो म्हणाला. "बारकं पोर हाय तिला. ती बी जाते. काडी बांदून जाते."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळच सांगतो. आधी राग आला, पाटलावर. मग त्या वाण्यावर, त्या मथळ्यावर, संपादकावर. माझं नाव यादीत सगळ्यात शेवटी आलं, पण आलं, आणि आलं तेव्हा बाकीची सगळी पुसली गेली. तिने विश्वासाने पाय पुढे केला होता. आणि मी उचलला टाक आणि लावला कागदाला.

अंक घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं, ते म्हणतील, मी सांगितलं होतं. तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "आता तरी ऐकवा."

मी वाचायला लागलो. पहिली दोन वाक्यं झाली आणि त्यांनी तळहात वर केला. "इथे वाण्याकडे गिऱ्हाईक आलं. सांगा, तुमच्या बातमीत काय आहे?"

मी त्या दोन ओळींवर पुन्हा नजर फिरवली. एक पाय होता, एक पाडा होता, आणि विष होतं. पाण्यातला जीव नव्हता, फडकं नव्हतं, वर्षभराचा काळ नव्हता.

"एक अक्षर खोटं नाही यात," ते म्हणाले, "म्हणून तर सावरणं अवघड. खोटं असतं तर खोटं म्हणून मोकळे झालो असतो." मग, "चूक माझीही आहे. तुम्हाला दाखवलं, तिला दाखवलं, पाटलाला दाखवलं नाही. आणि पाड्याची खूण घालू नका एवढं सांगायचं राहिलं. मी समजलो, ते तुम्हाला आपसूक कळेल."

हे शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून टाकलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

मी संपादकांना लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं की मजकूर खरा आहे तर मागे कशाला घ्यायचा. उलट वैद्यबुवांचा खरमरीत जबाब आला आहे, तो पुढच्या अंकात जाईल, तरी डॉक्टरांनी त्याला तोडीस तोड उत्तर द्यावं. दोन्ही बाजू आल्या की वाचकांना गोडी वाटते. जबाबाची नक्कल सोबत जोडली होती. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. मी म्हणालो, द्या आता ठेवून एक. तर ते बोटाने एक ओळ दाखवून म्हणाले, "हे बघा, किडा ओढू नये, काडीला रोज थोडा थोडा गुंडाळावा, असं यांनी लिहिलंय. ते बरोबर आहे. काढायची रीत त्यांची खरी, येतो कुठून हे आमचं खरं. मी याच्याशी भांडू कशाला?"

"मग लोकांना कळणार कसं?"

"भांडणातून लोकांना कोण जिंकलं एवढंच कळतं," ते म्हणाले. त्या वेळी मला ते मुळीच पटलं नाही.

आम्ही पाटलाकडे गेलो. पाटील काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने आम्हाला बाजेवर बसवलं, ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. हा कागद हुकूम नाही, तो मीच लिहिलाय, हे मी त्याला तीन प्रकारांनी सांगितलं. तो माझ्याकडे बघून समजुतीने मान हलवत राहिला. मास्तरकी करणारा माणूस सिंहाच्या शिक्क्याचा कागद लिहितो, हे त्याला थोडं जास्तच वाटलं असावं.

"तू सांगतोस ते खरं आसंल," तो शेवटी म्हणाला. "पन तू सांगतोस. ह्यो छापलाय."

खरा जाहीरनामा काढावा म्हणून डॉक्टरांनी अर्ज केला. पण कारभारी महाराजांबरोबर बाहेरगावी होते, परत यायला अजून दिवस होते. तोवर वरच्या पाड्याच्या बाया रोज अर्धा कोस उतरत होत्या आणि चढत होत्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे मी मुलांना शिकवलेलं होतं. स्वतः करून पाहिलं ते तेव्हा.

त्याच आठवड्यात माझा उजवा पाय ठणकायला लागला. आधी वाटलं, काटा रुतला असेल. दुसऱ्या दिवशी घोट्याच्या वर फोड दिसला, वालाच्या दाण्याएवढा, आणि निखारा ठेवल्यासारखी आग. दवाखान्यात जाऊन धोतर वर केलं. डॉक्टर खाली वाकले, बोटाने चाचपलं, आणि हसले नाहीत.

"गेल्या उन्हाळ्यात पाणी गोड लागलं होतं ना?" ते म्हणाले.

मी बसलो तिथेच खाली. भीती वाटली, किळस आली, आणि या दोन्हींच्या वर लाज वाटली. दिवा मोठा करून, भारी भारी शब्द शोधून मी दुसऱ्याच्या पायावर लिहीत होतो, तेव्हा तो किडा माझ्या पायात होता. डॉक्टरांना त्या दिवशी वाटेतच शंका आली होती. तेव्हा बोलून काही उपयोग नव्हता, कारण तो बाहेर येईपर्यंत कुणालाच काही करता येत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी काडी घेतली. पहिला वळसा घालताना माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते शाळामास्तराला शोभणारे नव्हते.

दोन दिवसांनी मी बैलगाडी ठरवली. डॉक्टरही आले. त्यांनी गाडीत लांब दोर आणि एक बादली टाकली. कशाला, ते सांगितलं नाही. माझ्या डोक्यात तरी कुठे काही ठरलेलं होतं? त्या खांबावरचा कागद सगळ्यांदेखत फाडायचा, एवढं एकच मनात घोकत होतो.

ऊन तापायच्या आत पोचलो. विहिरीवर खालच्या पाड्यातल्या बाया पाणी भरत होत्या. वरच्या पाड्यातल्या चारपाचजणी करंजाखाली रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. खालच्या एखादीला दया आली तर ती वर येऊन हंडाभर ओतून द्यायची, म्हणून त्या रोज थोडा वेळ बसून बघायच्या आणि मग नदीची वाट धरायच्या. ती बाईही होती. पोर मांडीवर, काडी बांधलेला पाय लांब केलेला. पाय पहिल्यापेक्षा सुजला होता.

पाटील आम्हाला बघून पुढे आला. माझं लंगडणं त्याने पाहिलं. पट्टी पाहिली, काडीचं टोकही पाहिलं. नारू न ओळखणारा माणूस त्या भागात नव्हता. तहान लागलीय, म्हणालो. माझा घसा खरंच कोरडा पडला होता.

"ये मास्तर, उतर. शेवाळ हाय, सावकाश," तो म्हणाला, आणि मला धरायला त्याने हात पुढे केला.

मी दुसऱ्या पायरीवर होतो. कागद फाडायचं मी तिथेच विसरलो.

"पाटील, त्या कागदात काय आहे?"

"नारूवाल्यानं विहिरीत उतरू नये."

"मला काय झालंय?"

त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू मास्तर हायेस."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणायला जीभ शिवशिवली, पण बोललो नाही. कारण ते कार्टं ठरवणारा कागद माझाच होता. दोन पायऱ्या चढून वर आलो आणि करंजाखाली त्या बाईशेजारी बसलो. "कागदात आहे तर आहे," मी म्हणालो. "मीही उतरत नाही."

एका बाईने कळशी आणून दिली, मी घेतली नाही. हे मी शहाणपणाने केलं असं नाही. मी मूळचा तापट, आणि त्या दिवशी सगळा ताप माझ्यावरच उलटला होता. ऊन डोक्यावर आलं. पाटील दोनदा येऊन गेला. दरबारच्या शाळेचा मास्तर आपल्या विहिरीवर तहानलेला बसलाय, ही गोष्ट त्याला माझ्या नारूपेक्षा जास्त टोचत होती. शेवटी तो डॉक्टरांजवळ जाऊन म्हणाला, "तूच सांग आता याला."

डॉक्टरांनी गाडीतला दोर काढला. "त्याला काय सांगायचं ते राहू दे. कागदात उतरू नये असं आहे. दोराने वरून पाणी काढायला मनाई आहे का?"

पाटील खांबाकडे गेला. वाचता येत नसलेल्या त्या कागदापुढे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "दोरीला मनाई नाय."

"मग कुणीच उतरायला नको. वरचाही नाही, खालचाही नाही. मास्तर नाही, पाटील नाही."

विहिरीच्या तोंडावर एक ओंडका आडवा पडला. पहिली बादली पाटलानेच ओढली. ती बाई उठली, लुगड्याचा पदर दुहेरी करून हंड्याच्या तोंडावर धरला आणि म्हणाली, "वत." पाणी गाळून झालं. डॉक्टरांनी तो पदर एका काचेच्या पेल्यात खळबळवला आणि पेला उन्हात धरला. बारीक पांढरे ठिपके झटके देत वरखाली करत होते. पाटलाने पेला हातात घेतला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "आमी हे पेतो?" तो म्हणाला. त्याच्या घरातही दोघांना नारू होऊन गेला होता. त्या दोघांना कुणी कधी विहिरीवरून हटकलं नव्हतं.

बाईने गाळलेलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. तहान इतकी होती की त्या पाण्याची चव मला सांगता यायची नाही.

"हे बी लिवशील आता?" तिने विचारलं.

"लिहीन."

"लिव. पन धाडायच्या आदी मला वाचून दाव." आणि थोडा विचार करून, "नी आदी पानी लिव. पाय मागून."

मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेला माणूस एवढे दिवस मला जे सांगू पाहत होता, ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते पेला पुसण्यात गढून गेले होते.

नवा मजकूर मी चार वेळा लिहिला. डॉक्टरांना ऐकवला, प्रत्येक वाक्यानंतर ते थांबवायचे आणि विचारायचे, इथे गिऱ्हाईक आलं तर? सगळ्या विहिरींत हे जीव असतात की काहींतच, ते अजून आम्हाला ठाऊक नाही, हे वाक्य त्यांनी हट्टाने घालायला लावलं. मी म्हणालो, अशाने वैद्यबुवांना कोलीत मिळेल. ते म्हणाले, मिळू दे. मग पाड्यावर जाऊन तिलाही वाचून दाखवला. एका जागी ती म्हणाली, हे कळलं नाय. ते मी बदललं.

संपादकांनी तो छापला. मथळा नाही, बारीक टाइपात, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली. पण सिंह माथ्यावर होता, आणि मला तेवढाच हवा होता. अंक हाती येताच मी विहिरीवर गेलो. माझा किडा तोवर निघून गेला होता, मी अजून लंगडत होतो. पाटलाने स्वतः खळ करून आणली. जुन्या कागदावर नवा कागद बसवला आणि तळहाताने सपाट केला.

ती बाई हंडा खाली ठेवून जवळ आली. तिची काडीही सुटली होती. कागदावरच्या पहिल्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"हे पानी?"

"हो. विहिरीच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव असतो, ते पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावं. हे पहिलं वाक्य."

"नी पाय?"

मी तिचं बोट धरून पाच ओळी खाली नेलं.

"माझा?"

"नाही. तू यात कुठेच नाहीस. पाय माझा आहे. ठाण्याच्या पेपरात छापून आलंय, जव्हारच्या बातमीदाराला नारू झाला."

ती हसली. पाटीलही हसला. मग तिने हंडा उचलून कमरेवर घेतला आणि कागदाकडे आणखी एकदा पाहिलं.

"तुजाच बरा," ती म्हणाली. "तुजा पाय कोन अडवील?"